कुणी बसवलं हे?

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या वर्धापनदिनाला प्राचार्य माईकवर म्हणाले, "मध्यंतरी आपल्याकडे तंत्रज्ञानाची भीती बाळगणारी काही मंडळी होती. त्यांच्यामुळे संस्था थोडी मागे राहिली. पण आता तसं नाही." टाळ्या पडल्या. नाव कुणाचं घेतलं नव्हतं, पण मांडवातल्या प्रत्येकाला ते कळलं होतं. माझ्या शेजारचे मेकॅनिकलचे सर घाईघाईने मोबाईल काढून त्यात बघायला लागले, कारण माझं तोंड कसं झालं असेल याची त्यांना कल्पना होती.

तंत्रज्ञानाची भीती! आणि ती अक्कांना!

ज्या बाईने माऊस नावाची वस्तू खणात कोंडून ठेवली होती, जिच्या स्क्रीनवर कधी एक चित्र दिसलं नाही, नुसता काळा पडदा आणि त्यावर भराभर पळणारी पांढरी अक्षरं, तिला म्हणे भीती. भीती वाटली ती त्यांना, अक्कांची. पण ते माईकवरून कोण सांगणार?

अक्का म्हणजे आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख. समोर सगळे 'मॅडम' म्हणत. 'अक्का' हे पोरांनी पाडलेलं नाव. सांगलीच्या आसपासच्या जैन शेतकऱ्याघरची मुलगी, लग्न केलं नाही, पन्नाशीला आलेली. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात पळायचे बूट. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा नियम, त्यामुळे संध्याकाळच्या मीटिंगमधून त्या संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण चालू असतानाही उठत. "जेवायची वेळ झाली," एवढंच सांगत आणि हेल्मेट उचलून चालू पडत. अध्यक्षांना ते आयुष्यात आवडलं नाही. अक्कांनी कधी त्याची फिकीर केली नाही.

मी गणित शिकवते. साताऱ्याहून नोकरीसाठी सांगलीला आले तेव्हा स्टाफरूममध्ये अक्कांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ती रिकामी का होती हे पहिल्याच दिवशी कळलं. मी लॅपटॉप उघडला आणि त्यांनी न सांगता मान वळवून माझ्या स्क्रीनकडे बघितलं. कोपऱ्यात एक रंगीत चौकोन नाचत होता.

"हे कोण?"

"माहीत नाही मॅडम, आपोआप आलंय."

"आपोआप काय येत न्हाई. कुणी बसवलं हे?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एरवी बोलणं शुद्ध, पण राग आला की बोलण्यातला गाव वर यायचा. लॅपटॉप त्यांनी स्वतःकडे ओढला, काळी खिडकी उघडली, काहीतरी टाइप केलं आणि तो चौकोन गेला. त्याच्याबरोबर आणखी चार भाडेकरू गेले, ज्यांची नावंसुद्धा मी कधी ऐकली नव्हती. लॅपटॉप परत देताना त्या माझ्यावरच चिडल्या होत्या. "तुझं घर हाय ना हे? मग कोण राहतंय ते ठाऊक नको?"

वर्गातही त्यांचा हाच हट्ट. संस्थेने पैसे वाचवायला सगळ्या मशीनवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाकलं होतं. त्यात एखादं सॉफ्टवेअर, म्हणजे त्यांच्या भाषेत पॅकेज, बसवायचं किंवा काढायचं तर काळ्या खिडकीत एका ओळीचा हुकूम लिहायचा. हुकूम दिला की मशीन लगेच काम करत नाही. आधी सांगतं, हे काढलं तर त्याच्याबरोबर अमुक अमुकही जाईल, पुढे जाऊ का? मग होसाठी 'वाय' दाबायचं, नाहीसाठी 'एन'. पोरं न वाचता 'वाय' दाबतात. जगात सगळेच दाबतात. अक्कांच्या प्रयोगशाळेत मात्र मशीनने सांगितलेली सगळी नावं मोठ्याने वाचल्याशिवाय बोट उचलायची परवानगी नव्हती. बाहेरून जाणाऱ्याला आत पाढे चाललेत असं वाटायचं. एखाद्याने चुकवलं की त्या कडाडत, "मशीन इचारतंय गड्या तुला! वाच की! इचारणारं कुणी भेटतंय का हल्ली?"

हा नियम त्यांनी स्वतःच्या चुकीतून काढला होता, आणि ती चूक त्या दर वर्षी नव्या वर्गाला सांगत. एकदा प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी त्या लॅबमधली मशीनं साफ करत होत्या. पायथन या संगणकभाषेची एक जुनी आवृत्ती नको म्हणून सगळीकडे एकदम काढायचा हुकूम दिला. मशीनने लांबलचक यादी दाखवून विचारलं. अक्का घाईत होत्या, 'वाय' दाबलं. त्या मशीनवरचं सगळं चित्रातलं जग त्याच पायथनच्या आधारावर उभं होतं. ते कोसळलं. खिडक्या गेल्या, मेनू गेले, सगळ्या लॅबभर काळे पडदे. तेवढ्यात कराडहून बाहेरचे परीक्षक आले. घाबरून म्हणाले, "मॅडम, लाईट गेली का?" अक्का म्हणाल्या, "लाईट आहे. माझी अक्कल गेली होती. परीक्षा अशीच होईल." आणि त्यांनी ती तशीच घेतली, काळ्या पडद्यावर. पोरांनी कुरकुर केली आणि पास झाली. परीक्षक जाताना त्यांना नमस्कार करून गेले, पण परत कधी आमच्या कॉलेजवर ड्यूटी घेतली नाही.

न विचारता साफसफाई करायची खोड मात्र त्यांना माझ्या वडिलांनी सोडायला लावली. अक्कांची धाकटी बहीण साताऱ्यात असते. एका सुट्टीत आम्ही दोघी एसटीने बरोबर गेलो आणि त्या आमच्याकडे चहाला आल्या. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा जुना लॅपटॉप टेबलावर उघडा होता. मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात अक्कांनी त्यातलं सात पिढ्यांचं जळमट काढलं. वडील भाजी घेऊन आले, चष्मा लावला आणि ओरडले, "माझा पत्त्यांचा डाव कुठं गेला?"

"तो फालतू होता," अक्का म्हणाल्या. "त्याच्याबरोबर जाहिराती येत होत्या."

"फालतू का चांगला ते मी ठरवणार. बाई, हमारी परमिशन ली थी?"

अक्का पदर खोचून परत बसल्या, तो पत्त्यांचा खेळ शोधला, बसवला, जाहिराती तेवढ्या बंद केल्या आणि उठून वडिलांना म्हणाल्या, "चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं." वडिलांनी त्यांना दुसरा कप चहा दिला. त्या दिवसानंतर अक्का आधी विचारत. रागाने विचारत, पण विचारत.

अशी ही बाई. आता तिच्याबाबतीत काय झालं ते सांगते, कारण ते कुणी सांगत नाही.

संस्थेने परिस्थिती नसलेल्या मुलींना वापरायला लॅपटॉप दिले होते. वर्तमानपत्रात फोटो आले, अध्यक्षांच्या हातून लॅपटॉप घेणाऱ्या मुलींचे. त्या मुली बहुतेक जत, आटपाडी भागातल्या, कॉलेजच्या वसतिगृहात राहणाऱ्या. पुढच्या सत्रात 'अपडेट करायचंय' म्हणून ते लॅपटॉप ऑफिसने दोन दिवस परत मागवले आणि पुन्हा वाटले. अक्कांना यातलं काही विचारलं नव्हतं. अपडेट कोण करतंय म्हणून त्यांनी चौकशी केली तर सांगितलं, बाहेरची कंपनी करतेय, तुम्ही त्रास घेऊ नका.

मग एके दिवशी जतकडची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. आत येईना, बाहेर जाईना.

"काय गं?" अक्का म्हणाल्या.

"मॅडम, लॅपटॉपची लाईट लागतीया."

"कुठली लाईट?"

"वरली. कॅमेऱ्याची. मी काय लावलं न्हाई. मी केस विंचरत हुते आन् ती लागली. मग मी टॉवेल टाकला त्याच्यावर."

अक्कांनी लॅपटॉप घेतला. मशीनवर काय काय बसवलंय त्याची नावं काळ्या पडद्यावर सरसर खाली उतरली. एका नावापाशी त्या थांबल्या. नाव अगदी साधं, अभ्यासाशी संबंधित वाटावं असं. त्या पॅकेजच्या आत जाऊन त्यांनी वाचलं, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा असा झाला की मी खुर्ची जवळ ओढली. ते पॅकेज मधूनमधून कॅमेरा चालू करत होतं आणि फोटो काढून कॉलेजच्या ऑफिसमधल्या एका मशीनकडे पाठवत होतं. ते मशीन अध्यक्षांच्या पुतण्याच्या केबिनमध्ये होतं. संस्थेचं सगळं कॉम्प्युटरचं काम हाच पुतण्या बघायचा.

त्या वेळीसुद्धा, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय, अक्कांनी लगेच कुणावर आळ घेतला नाही. "परीक्षेचं काहीतरी असेल, चुकून चालू राहिलं असेल," म्हणाल्या. मुलीला विचारलं, "काढू का?" तिने मान हलवली. काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी परत दारात.

"मॅडम, ते परत आलंय."

ते परत आणणारं आणखी एक बारकं पॅकेज मशीनमध्ये दडवलेलं होतं. त्याचं काम एवढंच: मोठं कुणी काढलं तर गुपचूप पुन्हा बसवायचं. अक्का उठल्या. "चुकून न्हाई हे," म्हणाल्या आणि लॅपटॉप काखेत मारून प्राचार्यांकडे गेल्या. मी मागे गेले.

प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना नवल वाटलं नाही, यातच मला सगळं कळलं. म्हणाले, "मॅडम, ते शिस्तीसाठी आहे. ऑनलाइन परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून."

"वसतिगृहाच्या खोलीत परीक्षा असते का, सर?"

"मशीन संस्थेची मालमत्ता आहे. संस्थेला बघायचा अधिकार आहे."

"मशीन संस्थेचं हाय," अक्का म्हणाल्या. "पोरी न्हाईत."

"आवाज खाली ठेवा. आणि पालकांना याची कल्पना दिलेली आहे."

"मग बोलवा त्यांना. मी दाखवते त्यांना त्यांच्या लेकींचे फोटो कुणाच्या टेबलावर जातात ते."

प्राचार्य म्हणाले, वरती बोलून बघतो. आठवडा गेला. त्यांनी वरती बोलून बघितलं की नाही, मला माहीत नाही. कॅमेऱ्यांच्या लाईटी लागत राहिल्या. मुली आता लॅपटॉपवर ओढण्या टाकून झोपत होत्या.

मी अक्कांना म्हटलं, पोलिसात जाऊ. आजही मला वाटतं जायला हवं होतं. पण अक्कांनी मुलींनाच विचारलं. वसतिगृहाच्या जेवणघरात सगळ्या जमल्या होत्या आणि सगळ्यांचं उत्तर एकच होतं. "मॅडम, घरी कळलं तर उद्याच्या गाडीनं परत न्हेतील. शिक्षण बंद, आन् लगीन लावून मोकळे." त्यातल्या एकीचं बोलणं मी विसरत नाही. ती म्हणाली, "बघणाऱ्याचं काय जाणार न्हाई मॅडम, आमचंच जाईल."

अक्का म्हणाल्या, "ठीक. मग काढायचं तर तुम्ही काढायचं. मी नाही काढणार."

रविवारची दुपार होती. लांब टेबलांवर ताटं उचललेली, फडका मारलेला, आणि त्यावर लॅपटॉपांची रांग. हुकूम चालवायला वरचा, म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड लागतो, तो विभागप्रमुख म्हणून अक्कांकडे होता. त्या एकेकीजवळ जाऊन तो टाइप करत आणि बाजूला होत. पुढचं मुलीने लिहायचं. नुसतं काढायचं नाही, दोन्ही पॅकेजं एकदम आणि त्यांच्या खाणाखुणांसकट. मशीन विचारी. मुली यादी मोठ्याने वाचत. आणि 'वाय' दाबत. जतच्या त्या मुलीने इतक्या जोरात दाबलं की अक्का म्हणाल्या, "अगं, हळू. कीबोर्डचा काय दोष?" तेव्हा कुठे त्या हॉलमध्ये पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

सोमवारी पुतण्याच्या स्क्रीनवर फोटो येईनात. मंगळवारी अक्कांना निलंबनाचं पत्र मिळालं. कारण काय, तर संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान. संस्थेचं अधिकृत सॉफ्टवेअर विनापरवाना नष्ट केलं.

बघा आता! ज्याने न विचारता बसवलं तो अधिकृत, आणि जिने विचारून काढलं ती विनापरवाना. अक्कांनी ते पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "व्याकरण चुकलंय दोन ठिकाणी."

सगळ्यात संताप याचा की त्यांना स्वतःचा बचाव करता येत नव्हता. खरं सांगायचं तर मुलींचं नाव आलं असतं, आणि ते त्या येऊ देणार नव्हत्या. हे वरच्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी त्याच्यावरच सगळं बेतलं होतं. स्टाफरूममध्ये रोज नवीन ऐकू येई: मॅडमचं डोकं फिरलंय, मॅडम नव्या गोष्टीला घाबरतात, मॅडमना पुतण्याची जागा पाहिजे होती. ज्यांच्या मुलीबाळी त्याच वयाच्या होत्या ते लोक हे बोलत होते, वडा खाता खाता.

चौकशीला तीन माणसं बसली. चहा-बिस्किटं होती. मला साक्षीला बोलावलं होतं, म्हणून मी खोलीत होते.

"संस्थेचं सॉफ्टवेअर काढलंत?"

"काढलं गेलं. माझ्या पासवर्डनं."

"कुणाच्या परवानगीनं?"

"ते ज्यांच्याकडं बघत होतं, त्यांच्या."

"म्हणजे कुणाच्या? नावं सांगा."

अक्कांनी नकारार्थी मान हलवली. मधले गृहस्थ खुर्चीत मागे टेकले. "नावं नाहीत, म्हणजे तसं काही नव्हतंच," ते म्हणाले, आणि मी तोंड उघडणार एवढ्यात दार ढकलून एक बाई आत आली. डोक्यावर पदर, भुवयांवर पिठाची बारीक धूळ. मागे जतची ती मुलगी. आपल्यामुळे मॅडमना घरी बसवलं हे कळल्यावर ती स्वतःहून गावाकडे गेली होती आणि तिने आईला सगळं सांगितलं होतं. आई गावात पिठाची गिरणी चालवते. पहाटेचं दळण तसंच टाकून ती पहिल्या गाडीला बसली होती.

"बाई, बाहेर थांबा, चौकशी चालू आहे," मधले गृहस्थ म्हणाले.

"व्हय, चौकशीलाच आलीया मी. आवं सायेब, मी गिरणीवाली. मला तुमच्यातलं काय कळत न्हाई. पर माझी पोर खोलीत केस विंचरतीया आन् हितं खुर्चीत बसून कोण तरी बघतंय, एवढं मला कळतंय. नाव पायजे तुमाला? ही बघा, हुबी हाय. लिवा नाव."

"तुमचा गैरसमज झालाय."

"माझा? मग बोलवा की त्याला. समोर येऊन सांगू दे. बघणाऱ्याला केबिन, आन् झाकणारीला घरी बसवताय व्हय?"

पुतण्या त्या दिवशी 'साइटवर' गेलेला होता. मधले गृहस्थ कागद सारखे करायला लागले. मी दाराकडे बघितलं. बाहेर व्हरांड्यात वसतिगृहाच्या बाकीच्या मुली येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणी घोषणा देत नव्हतं. नुसत्या उभ्या होत्या, आणि एकीनेही तोंड झाकलेलं नव्हतं. अक्कांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच चष्मा काढून पुसायला घेतला.

तुम्हाला वाटेल, मग न्याय झाला. काय झालं ते सांगते. अहवालात आलं, 'गैरसमजातून घडलेला प्रकार'. पुतण्याची बदली झाली, संस्थेच्याच दुसऱ्या कॉलेजात, वरच्या जागेवर. आईने गावात कुणाला काही कळू दिलं नाही. मुलगी शिकत राहिली, बाकीच्याही राहिल्या, तेवढं एक झालं. आणि अक्कांना परत घ्यायची तयारी दाखवली, फक्त त्यांनी माफीचं पत्र द्यावं. म्हणजे संस्थेने अक्कांना माफ करायचं!

"चुकले असते तर मागितली असती," अक्का म्हणाल्या आणि राजीनामा दिला. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, तुम्ही गेलात की ते जिंकले. त्या म्हणाल्या, "अगं, रोज त्या माणसांना गुड मॉर्निंग म्हणायचं मला जमणार नाही. जेवण जात नाही नंतर." आता त्या साताऱ्याला बहिणीच्या घराजवळ राहतात. तिथल्या एका क्लासमध्ये बायकांना कॉम्प्युटर शिकवतात आणि तिथल्या मालकाशीही भांडतात.

त्यांच्या शेवटच्या दिवशी सामान आवरायला मी मदत करत होते. शिपाई आला, प्राचार्यांनी बोलावलंय म्हणून. आम्ही दोघी गेलो. प्राचार्य नजर न उचलता म्हणाले, "मॅडम, जाण्यापूर्वी मुलींच्या त्या लॅपटॉपचा ॲडमिन पासवर्ड तेवढा लिहून द्या. विभागाचा चार्ज सोपवून होत नाही त्याशिवाय."

"माझ्याकडे नाही."

"तुमच्याकडे नाही म्हणजे? तुमच्याकडेच होता ना?"

"होता. त्या रविवारीच बदलला. प्रत्येक मुलीनं आपापल्या मशीनवर आपला टाकला. मला एकीचाही माहीत नाही, मी बघितलेला नाही."

प्राचार्यांनी आता वर बघितलं. "मग आम्ही काय करायचं?"

"मागायचा," अक्का म्हणाल्या. "वसतिगृह इथून दिसतंय. जायचं, एकेकीच्या समोर उभं राहायचं, कशाला पाहिजे ते सांगायचं आणि मागायचा. देतील की, पटलं तर."

त्या हेल्मेट घेऊन निघाल्या. प्राचार्यांनी खिडकीबाहेर वसतिगृहाकडे बघितलं, मग हातातलं पेन बघितलं, आणि मला म्हणाले, "तुम्ही जाऊ शकता."

त्या गोष्टीला दोन वर्षं होतील. अजून कुणी मागायला गेलेलं नाही.